टाळेबंदीतली आमची पंगत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, भाषणाची सवय नाही. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "टाळेबंदीत तुमच्या घरी काय शिजत होते, तेवढेच सांगा." ते मात्र मला सांगता येईल.

टाळेबंदीचा पहिला दिवस 25 मार्च 2020, आणि त्याच दिवशी गुढीपाडवा, हे तुम्हां सर्वांना आठवत असेल. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा झाली. बाजारातून श्रीखंड नाही, गाठी नाहीत. घरात हरभऱ्याची डाळ आणि गूळ होता, म्हणून पुरण तरी झाले.

तसे पाहिले तर खारबावात उपाशी राहण्याची वेळ आमच्यावर नव्हती. तांदूळ घरचा. भात कापल्यावर त्याच ओलीवर टाकलेले वाल नुकतेच झोडून झाले होते. दारात शेवगा, मागे कैरी, आणि डब्यात गेल्या आगोटीची सुकट व चार बोंबील. अडले ते दुसऱ्याच गोष्टींनी. सकाळी सायकलवरून पाववाला येई, तो यायचा थांबला. दिवा-वसई गाडी बंद पडली, त्यामुळे वसईकडून टोपल्या घेऊन येणाऱ्या भाजीवाल्या दिसेनाशा झाल्या. आमचे यजमान गोदामात रोजावर. गोदामाला कुलूप, म्हणजे रोजालाही कुलूप.

मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा, मुलगी तेरा वर्षांची. दोघांना सकाळी चहात पाव बुडवून खायची सवय. चार दिवस दोघांची तोंडे फुगलेली. पाचव्या दिवशी मी घावन घातले. मग पंधरवड्याने तीच विचारू लागली, "आज घावन नाही का?" चहा तीनदाचा दोनदा झाला, साखरेच्या जागी गूळ आला. कोंबडीची गंमत तर सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारी-मार्चात आवई उठली की कोंबडी खाऊन हा रोग होतो. ती मातीमोल झाली तेव्हा कोणी शिवले नाही, आणि पुढे महाग झाली तेव्हा पैसे मोजून खाल्ली. त्यांत मीही आले. काढ्याबद्दल तर बोलायलाच नको. सुंठ-मिऱ्यांचा काढा दिवसातून तीनदा पाजून मी यजमानांच्या पोटात अशी आग लावली, की शेवटी त्यांना ताक पाजावे लागले.

एप्रिलपासून शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळू लागला. आम्ही पाच माणसे, म्हणजे पंचवीस किलो. त्याची भाकरी नीट होईना, मधोमध फाटे. मी कुरकुरले तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, 1972 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायचा. त्यापुढे हा तांदूळ राजा आहे." तेव्हापासून मी त्या तांदळाला नाव ठेवले नाही.

आमच्या समोरच्या चाळीत गोरखपूरकडची पाच कामगार माणसे राहात. त्यांच्याकडे कणीक होती, तांदूळ नव्हता, आमच्याकडे उलट. मग उंबऱ्यावर भांडे ठेवून अदलाबदल सुरू झाली. ती माणसे स्वतःच कणीक मळीत, वांगी भाजून त्याचे चोखा नावाचे भरीत करीत. आमचा मुलगा ओट्यावर बसून तासन्‌तास बघत राही. 2 मे 2020 च्या रात्री भिवंडीहून गोरखपूरला पहिली श्रमिक गाडी सुटली. ही मंडळी नंतरच्या गाडीने गेली. जाताना पोळपाट-लाटणे आणि उरलेली कणीक मुलाच्या हवाली करून गेली.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ते सांगते.

टाळेबंदीपूर्वी यजमान सकाळी डबा घेऊन जात, मुले शाळेत, सासूबाई अकराला जेवत. मी दोन वाजता, ओट्याशी उभ्यानेच. मी काय खाते हे कोणी पाहिले नव्हते. टाळेबंदीत पाचही माणसे दिवसभर घरात. रिकाम्या माणसाला भूक जास्त लागते. पैसा येत नव्हता आणि टोप मात्र लवकर रिता होई. तेव्हा काटकसर करायला सर्वांत सोपे ताट माझे होते. सुकटीचे कालवण चौघांना, मला तळचा रस्सा. रात्री बहुतेक चहावर निभे. हे मला कोणी करायला सांगितले नव्हते, सासूबाईंनी तर मुळीच नाही. आपल्या हाताला ते वळणच असते.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले. पत्र्यावर दगड ठेवण्यासाठी यजमान वर चढले होते, मी खालून दगड देत होते, तीच घेरी येऊन पडले. शुद्धीवर आले तर मुले दूर भिंतीला चिकटून उभी. सर्वांना वाटले, आला रोग घरात! दुसऱ्या दिवशी आशाताईंनी ताप पाहिला, बोटाला यंत्र लावले. तसे काही नव्हते. त्यांनी मला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त तपासले, हिमोग्लोबिन सात. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काल काय खाल्ले?" मी सांगू लागले, "सकाळी चहा, दुपारी भात आणि वालाचे पाणी, रात्री चहा." यजमान दाराशी उभे होते. ते म्हणाले, "आणि सुकट? काल सुकट केली होती ना?" मी काही बोलले नाही. घरी येईपर्यंत तेही बोलले नाहीत.

2019 ते 2021 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले, असे मला आशाताईंनीच नंतर सांगितले. म्हणजे या मांडवात बसलेल्या दोघींतली एक.

त्या रात्री सासूबाईंनी टोप उचलून मधोमध ठेवला आणि म्हणाल्या, "पाचही पाने मांडा. सूनबाई बसल्याशिवाय मी घास घेणार नाही." अडचण आली ती भाकरीची. मी पंगतीला बसले तर गरम भाकरी तव्यावरून कोण देणार? तेव्हा मुलगा उठला. पोळी त्याला चाळीतल्या मंडळींमुळे येत होती, पण तांदळाच्या उकडीने हात पोळत, आणि पहिला आठवडाभर भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे होत. यजमानांनी ते तुकडे मुकाट्याने खाल्ले. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणाबरोबरचा चहा तोडला आणि पानात लिंबू घ्यायला सांगितले. दिवाळीपर्यंत सातचे साडेदहा झाले.

आता गोदाम चालू आहे, पाववाला येतो, घावन रविवारी होते. गुळाचा चहा गेला. रात्रीची पंगत मात्र आठवड्यातून चार-पाच दिवस एकत्र बसते. पाहुणे आले की मी पुन्हा मागेच राहते, खोटे कशाला सांगू.

गेल्या वर्षी याच कार्यक्रमात वाढणाऱ्या आठजणींना शेवटी भाजी उरली नव्हती, नुसते वरण-भात खाऊन त्या घरी गेल्या. म्हणून यंदा त्यांची पाने पहिल्या पंगतीत मांडली आहेत. वाढायला मी, अध्यक्षबाई आणि आणखी सहाजणी आहोत. आता त्या आठजणींनी हात धुऊन यावे, भात निवतो आहे.