व्हिसावरचं गाव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'परदेशातील नोकरीच्या संधी' हा विषय दिला होता. त्या विषयावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कोणी ना कोणी बोलतंच, म्हणून परवानगी घेऊन मी तो बदललाय. मी राहते त्या गावाबद्दल बोलते. तुमच्यापैकी जे कोणी युरोपची सहल करून आलात, त्यांच्या पासपोर्टवर त्या गावाचं नाव छापलेलं आहे. शेंगेन. व्हिसावरचा हा शब्द म्हणजे कुठल्या तरी लांबलचक करारातली आद्याक्षरं, असं कालच एकाने मला ठामपणे सांगितलं. तसं नाही. ते खरोखरीचं गाव आहे. लक्झेंबर्गच्या आग्नेय टोकाला, मोझेल नदीच्या काठी, काही शे वस्तीचं.

तिथे ग्रामपंचायतीसारखी व्यवस्था असते, तिला कम्यून म्हणतात. आमच्या कम्यूनमध्ये नऊ गावं आहेत, सगळी मिळून लोकवस्ती पाच हजारांच्या आसपास. कचेरी शेंगेनला नाही, शेजारच्या रेमरशेनला आहे, आणि मी राहते तीही तिथेच. २००६ पर्यंत अख्ख्या कम्यूनचं नाव रेमरशेनच होतं. पण शेंगेन जगभर गाजलं, आणि कम्यूननेही तेच नाव घेतलं. आपल्याकडे असं नाव बदलायचं म्हटलं असतं तर किती ग्रामसभा उधळल्या असत्या, याचा विचार करा.

बाकी गाव शेतकऱ्यांचं. नदीकाठच्या उतारांवर द्राक्षाचे मळे. रिस्लिंग, ओसेरवा अशा जाती, सगळ्या वाइनच्या. वेलेनश्टाइन या आमच्यातल्याच एका गावात सहकारी वाइन कारखाना आहे. आपल्याकडे साखर कारखान्याला ऊस घालतात, तशी बागायतदार तिथे द्राक्षं घालतात. रेमरशेनजवळ वाळू-खडी काढून पडलेले मोठमोठे खड्डे होते. त्यांची आता तळी झाली आहेत आणि तिथे पक्ष्यांचं अभयारण्य आहे. शेंगेनच्या जुन्या गढीचा बुरूज व्हिक्टर ह्यूगोने १८७१ मध्ये कागदावर उतरवला होता, हे तिथे प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मीही सांगितलं.

शेंगेनचा पूल ओलांडला की पेर्ल, म्हणजे जर्मनी. नदीकाठाने थोडं दक्षिणेला गेलं की आपाख, म्हणजे फ्रान्स. आमचा किराणा बहुतेक पेर्लचा. उलट जर्मन आणि फ्रेंच लोक पेट्रोल, सिगारेट आणि कॉफी घ्यायला आमच्याकडे येतात, कारण लक्झेंबर्गमध्ये त्यांच्यावर कर कमी. एवढ्याशा गावात पेट्रोलपंपांची रांग आहे. कोल्हापूरकडची मंडळी कर्नाटकात जाऊन टाकी भरून येतात, त्यातलाच प्रकार.

भूगोलाच्या बाईंनी आपल्याला शिकवलं होतं की नदी ही नैसर्गिक सीमा असते. बाई, आमच्याकडची नदी सीमा आहे, पण तिच्यात रेषा नाही! लक्झेंबर्ग आणि जर्मनीमधली मोझेल या काठापासून त्या काठापर्यंत दोन्ही देशांची मिळून आहे. १८१६ च्या तहात तसं ठरलं आणि आजही तेच चालू आहे. भाषेचंही तसंच. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात, इथे तीन देश झाले तरी जुनी माणसं जवळजवळ एकच बोली बोलतात. लक्झेंबर्गमध्ये तिला राष्ट्रभाषेचा मान आहे, पलीकडच्या दोन देशांत ती नुसती गावची बोली.

हे ऐकून ही माणसं पूर्वीपासून गुण्यागोविंदाने राहत आली असं वाटेल. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लक्झेंबर्गने सीमेवरच्या रस्त्यांवर आणि पुलांवर काँक्रीटचे ठोकळे आणि लोखंडी दरवाजे बसवले होते. १० मे १९४० च्या पहाटे जर्मन सैन्य आलं. पुढे १९४२ मध्ये लक्झेंबर्गच्या तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती केलं. माझ्या शेजारच्या आजींचे काका त्यातले एक, ते परत आले नाहीत. त्याच आजींची मुलगी लग्न करून पेर्लला नांदते.

मग सीमा उठली कशी? मला वाटायचं की मोठ्या नेत्यांनी बसून स्वप्नं वगैरे पाहिली असतील. खरी सुरुवात ट्रकवाल्यांनी केली. आपल्या जकात नाक्यांवरच्या रांगा आठवतात ना? तशाच रांगांना कंटाळून फेब्रुवारी १९८४ मध्ये फ्रेंच ट्रकचालकांनी रस्ते अडवले. जुलैत फ्रान्स आणि जर्मनीने आपसातली तपासणी कमी करण्याचा करार केला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्गमध्ये अशी मोकळीक आधीपासूनच होती, तेही सामील झाले. १४ जून १९८५ रोजी शेंगेनजवळ 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' नावाच्या प्रवासी जहाजावर पाच देशांनी सह्या केल्या. तीन देश जिथे भेटतात ती जागा म्हणून हे गाव. कोणीही राष्ट्रप्रमुख आला नव्हता, सह्या केल्या त्या दुय्यम दर्जाच्या मंत्र्यांनी. यातून फारसं काही निघेल असं तेव्हा बहुतेकांना वाटलं नव्हतं.

प्रत्यक्ष अंमल सुरू झाला २६ मार्च १९९५ ला, सात देशांत. आपण तेव्हा नववीत होतो आणि वार्षिक परीक्षा तोंडावर होती. मधल्या दहा वर्षांत काय चाललं होतं, ते माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवालीला जास्त रंजक वाटतं. नाके काढायचे तर नाक्यावरचा पोलीस जे रजिस्टर बघतो, ते सगळ्या देशांच्या पोलिसांना एकाच वेळी दिसायला हवं. कोणाला प्रवेश नाकारायचा, कोण हरवलंय, कुठली गाडी चोरीची आहे. त्यासाठी एक सामाईक माहिती यंत्रणा उभारली, तिचं केंद्र फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला आहे. म्हणजे आडवा दांडा गेला तो त्याच्या जागी डेटाबेस आला म्हणून. पूल ओलांडताना लोकांना हे जाणवत नाही. माझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवालीला विमानतळावर जाणवतं.

आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. लक्झेंबर्गमध्ये दोन लाखांहून जास्त माणसं रोज शेजारच्या देशांतून कामाला येतात आणि संध्याकाळी घरी परततात. देशातल्या एकूण नोकरदारांपैकी जवळजवळ निम्मी! पेर्लला सारलांड राज्य आणि लक्झेंबर्ग यांनी मिळून २००७ मध्ये एक माध्यमिक शाळा काढली, शेंगेन लिझेउम. माझी मुलगी तिथेच शिकली. घर एका देशात आणि शाळा दुसऱ्या देशात, डबा मात्र पोळी-भाजीचा.

आणि मग २०२० आलं. १ मार्चपासून लक्झेंबर्गने देशभरातल्या बस आणि रेल्वे सगळ्यांना फुकट केल्या होत्या, आम्ही खूश होतो. १६ मार्चला जर्मनीने कोरोनामुळे सीमेवर तपासणी सुरू केली. काही छोटे पूल तर पूर्णच बंद झाले. कामाला जाणाऱ्यांना कागद दाखवून सोडत, पण 'आईला भेटायचंय' याचा कागद मिळत नव्हता. शेजारच्या आजींना मुलगी दोन महिने भेटली नाही. माझी लेक आणि तिची पेर्लची मैत्रीण आपापल्या काठावर उभ्या राहून एकमेकींना हात करत फोनवर बोलायच्या. गावात युरोपचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. मेच्या मध्यावर तपासणी उठली, तोवर मला एक गोष्ट नीट कळली होती. जी सोय उभी करायला दहा वर्षं वाटाघाटी लागल्या, ती बंद करायला एका आठवड्याच्या शेवटाचे दोन दिवस पुरले. हेतू रोगाला आवर घालण्याचा होता, हे मला मान्य आहे. पण त्याच दिवसांत फ्रान्समधल्या काही अत्यवस्थ रुग्णांना लक्झेंबर्गच्या रुग्णालयांनी दाखल करून घेतलं होतं. आणि लक्झेंबर्गच्या रुग्णालयांतल्या परिचारिकांचा मोठा हिस्सा सीमेपलीकडून येतो. तो अडला असता तर काय झालं असतं, हे नकाशावर रेषा आखून समजण्यासारखं नव्हतं.

सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. या वेळचं कारण बेकायदा स्थलांतर. हायवेवर रांगा लागतात आणि गावात लोक वैतागतात. मी वैतागत नाही, मला धास्ती वाटते. दहा गाड्यांतून एक बाजूला घ्यायची तर कोणाची घेतात, ते माझ्या चेहऱ्याला ठाऊक आहे. शेजारच्या आजी मात्र दर रविवारी केक घेऊन पूल ओलांडतात. पोलिसाने विचारलं तर जुन्या बोलीत उत्तर देतात, आणि तो पोलीसही बहुधा तिथलाच असतो.

कोणी आलात तर जरूर घरी या. लक्झेंबर्ग शहरातून आमच्याकडे यायला साधारण तासभर लागतो, बसला तिकीट नाही. जेवण माझ्याकडे. जेवून पेर्लला फिरायला जाऊ, फक्त पासपोर्ट हॉटेलवर ठेवून येऊ नका.