आपल्याच वयाचा प्रशिक्षक
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी भारतीय फुटबॉल संघाचा प्रशिक्षक खालिद जमील याच्याबद्दल बोलणार आहे. एकेरी बोलतो, कारण तो आपल्याच वयाचा, १९७७चा. जन्म कुवेतमधला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब भारतात आलं आणि पुढे महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया असा खेळ मुंबईत झाला. मधल्या फळीत खेळायचा. भारताकडूनही खेळला. दुखापतींनी घात केला आणि २००९ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला.

पुढची सात वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि नेमकं त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही. या काळात त्याने आय-लीग एकदाही जिंकली नाही. मोठे खेळाडू नाहीत, पैसा बेताचा. दरवर्षी काम एकच, संघ खालच्या श्रेणीत घसरू द्यायचा नाही. नाही घसरू दिला. २०१६ मध्ये तिथलं काम सुटलं आणि तो मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे गेला. हा संघ आदल्याच हंगामात घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. मुंबईत त्याच्या हाताखाली खेळलेले जयेश राणे, आशुतोष मेहता तिथेही होते. ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये बरोबरी साधून ऐझॉल देशाचा विजेता झाला, मोहन बागानच्या एकच गुण पुढे! त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटची आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. गोव्याच्या सावियो मेडेरांनंतर तेरा वर्षांनी त्या खुर्चीत भारतीय माणूस बसला. ओमानला हरवून काफा स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. पाच आठवड्यांनी मडगावात सिंगापूरकडून हरलो आणि आशिया चषक हुकला. लगेच 'काढा त्याला' सुरू झालं. आपल्या ग्रुपवरही, मी वाचलंय.

आता मुद्द्याचं. मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधायचा ठराव उद्या येतोय. माझा त्याला विरोध आहे. संध्याकाळी मैदानावर तीस-चाळीस पोट्टे-पोट्ट्या येतात. चेंडू आहेत, शिकवणारा नाही. मी जातो, पण मी बँकेतला माणूस, शिट्टी वाजवण्यापलीकडे मला येतं किती? फुटबॉल महासंघाचा 'डी' परवाना हा प्रशिक्षकाचा सुरुवातीचा टप्पा, काही दिवसांचाच. यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर आपल्या शाळेकडून खेळलेली दोन तरुण मुलं तयार आहेत. त्यांना पाठवू, आणि परत आल्यावर सात वर्षं मानधन देऊ. सात मुद्दाम म्हणतोय. पहिल्या वर्षी कप मागायचा नाही.

सर, तुम्ही समितीवर आहात म्हणून आजच सांगतो. कमानीचं अंदाजपत्रक माझ्याकडे आहे, जेवणाच्या वेळी दाखवतो.