ताटातील ऊनोदर : आहार, उष्मांक आणि मेद

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



दवाखान्यात मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "डॉक्टर, आम्ही रात्री जेवत नाही, अष्टमी-चतुर्दशीला उपवास करतो, मग पोट का सुटते?" माझे वडीलही हेच विचारीत. सूर्यास्तानंतर ते पाण्याचा थेंबही घेत नसत. तरीही वजन वाढत गेले, मधुमेह जडला आणि एकसष्टाव्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. कारणे अनेक असतील. परंतु स्वतः वैद्यकीय व्यवसायात असून मी त्यांच्या ताटाकडे कधी पाहिले नाही, ही खंत आजही मनात आहे.

शरीराचा हिशेब पेढीच्या खतावणीसारखा असतो. अन्नातून मिळणारी ऊर्जा ही जमा. श्वसन, हृदयाचे ठोके, पचन व हालचाल हा खर्च. जी शिल्लक उरते ती मेदरूपाने साठते. ही ऊर्जा उष्मांकांत, म्हणजे व्यवहारात ज्यांना आपण कॅलरी म्हणतो त्यांत मोजतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या 65 किलो वजनाच्या पुरुषास दिवसाला सुमारे 2110, तर 55 किलो वजनाच्या स्त्रीस 1660 उष्मांक लागतात.

एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून सुमारे 4 उष्मांक मिळतात, स्निग्ध पदार्थांतून मात्र 9. तुपाचा लहान चमचा म्हणजे 45 उष्मांक. एकाशनाच्या ताटात वरण, पोळी व शिरा मिळून आठ चमचे तूप गेले, तर केवळ तुपाचेच 360 उष्मांक झाले. ते खर्च करण्यास तासाहून अधिक झपाझप चालावे लागेल.

एक किलो मेदात सुमारे 7700 उष्मांक साठलेले असतात. म्हणजे एका उपवासाने फार तर पाव किलो मेद खर्ची पडतो. वजनकाट्यावर त्याहून जास्त दिसणारी घट बहुतांशी पाण्याची असते. दोन दिवसांच्या पारण्यातील मिष्टान्नाने तो पाव किलो सहज परत येतो. याउलट रोजच्या आहारातून 400 ते 500 उष्मांक कमी केले, तर सुरुवातीस आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरू शकते; पुढे हा वेग मंदावतो. तेव्हा धीर सोडू नये.

आपल्या परंपरेत बाह्य तपांमध्ये अनशनानंतर लगेच अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदर, सांगितले आहे. पूर्ण आहार पुरुषाचा 32 घास व स्त्रीचा 28 घास मानून त्याहून कमी घेणे, हे ते तप. रसपरित्यागात तूप, तेल, गोड यांचा त्याग येतो. तपाचा हेतू कर्मनिर्जरा आहे, वजन उतरविणे नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु अनशन आपण उत्साहाने करतो आणि त्याच्या शेजारचे ऊनोदर विसरतो, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.

कमी खाणे म्हणजे निकस खाणे नव्हे. प्रथिने कमी पडली तर मेदाबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून द्विदलाचा नियम सांभाळून मूग, मटकी, हरभरा, दूध, ताक यांना ताटात स्थान द्यावे. कपात तूप, साखर, तळण व भाताच्या दुसऱ्या वाढपात करावी. मधुमेहाची गोळी अथवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना उपवास करू नये, कारण रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गर्भवती स्त्रिया व वाढत्या वयाची मुले यांच्या आहारात स्वतःच्या मनाने कपात नको.

शेवटी एक विनंती. आपल्या पंगतीतील आग्रह प्रेमाचा असतो. माझ्या वडिलांनाही लोकांनी प्रेमानेच वाढले, आणि त्यांना 'नको' म्हणता आले नाही. यापुढे वाढणाऱ्याने एकदाच विचारावे आणि 'नको' म्हणणाऱ्याच्या ताटावरून वाढपी पुढे न्यावी. तेही साधर्मिक वात्सल्यच होय.

जय जिनेंद्र!