बस्तानीतला एक चहा

कमिटीने बजावलंय, 'जुन्या आठवणी सांगा, पण पाच मिनिटांत!' म्हणून एकाच जागेबद्दल बोलतो. धोबीतलावचं बस्तानी, कयानीच्या समोरचं इराण्याचं हॉटेल. 2004 साली बंद झालं.

संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, बरण्यांत बिस्किटं. ब्रून मस्का बुडवला की चहावर लोणी तरंगायचं. तो पहिला घोट कुणाचा, यावरून माझं नि धाकट्या भावाचं भांडण ठरलेलं. आणि सूचनांची पाटी. हे करू नका, ते करू नका, फार वेळ बसू नका! त्या सूचनांवर निसिम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली.

मी दहा वर्षांचा असताना वडिलांची नोकरी गेली. चाळीत कळू नये म्हणून ते रोज ठरल्या वेळी डबा घेऊन निघायचे आणि बस्तानीत जाऊन बसायचे. एका चहावर दोन-दोन तास, पेपरातल्या जाहिराती बघत. गल्ल्यावरच्या शेठनी त्यांना कधी पाटी दाखवली नाही. उलट स्वतःचा पेपर वाचून झाला की वेटरच्या हाती पाठवून द्यायचे. चार महिन्यांनी नोकरी लागली. मला हे कळलं मी बँकेत लागलो तेव्हा, तिथेच, मावा केक खाताना. बिल मात्र वडिलांनी मला देऊ दिलं नाही.

आपल्या गेटजवळच्या बाकावरही 'जास्त वेळ बसू नये' अशी पाटी आहे. असू दे. पण सेक्रेटरीसाहेब, भरदुपारी तिथे कुणी एकटा बसलेला दिसला, तर वॉचमनला उठवायला पाठवू नका.