मानपत्र पूर्ण लिहा
(वर्सोवा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

आजचा प्रश्न सरळ आहे. पूल-बिलियर्ड्सच्या टेबलावर असामान्य, पण वागण्यात उर्मट अशा खेळाडूचा सन्मान करावा का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. करावा, पण मानपत्र पूर्ण लिहावं. आपल्याकडे मानपत्र अर्धंच लिहितात, आणि उरलेलं अर्धं चहाच्या वेळी कुजबुजत सांगतात. (हशा) हसलात, म्हणजे आपण सगळ्यांनीच ते ऐकलेलं आहे. सात बंगल्यापासून लोखंडवालापर्यंतच्या पार्लरांत पूल खेळणारी मुलं इथे बसली आहेत, तेव्हा पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्समधला फरक मी समजावत बसत नाही. १९५८ साली विल्सन जोन्स यांनी कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स अजिंक्यपद मिळवलं आणि कुठल्याही खेळातला पहिला भारतीय जगज्जेता होण्याचा मान पटकावला, हेही तुम्हाला ठाऊक आहे. १९६५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या सभ्यतेबद्दल कोणी कधी शंका घेतली नाही, त्यामुळे त्यांच्या मानपत्राने कोणाला पेचात टाकलं नाही.

पेच पडला तो मायकेल फरेरांच्या वेळी. मुंबईचा हा खेळाडू १९७७ साली जागतिक हौशी विजेता झाला. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकाच पाळीत १,१४९ गुणांचा ब्रेक रचला. हौशी खेळाडूने हजाराची वेस ओलांडण्याची ती पहिली वेळ. १९८१ साली सरकारने पद्मश्री देऊ केली आणि फरेरांनी ती नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळालेलं असताना जगज्जेत्या बिलियर्ड्सपटूला त्याखालचा सन्मान का, हा त्यांचा सवाल होता. सन्मान मागून घेणं आपल्या संस्कारांत बसत नाही, म्हणून अनेकांना हा अहंकार वाटला. पण त्यात प्रतिस्पर्ध्याचं काय बिघडलं? कोणता गुण चोरला गेला? त्याच वर्षी आणि पुन्हा १९८३ मध्ये ते जगज्जेते झाले, आणि १९८३ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळालं. नकाराचा डूख न धरता सरकारने खेळाकडे पाहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

गावसकरांचं नाव आलंच आहे, तर मेलबर्नला जावं लागेल. फेब्रुवारी १९८१. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन कसोटींच्या मालिकेत आपण एका सामन्याने मागे, आणि या कसोटीत पहिल्या डावात १८२ धावांची पिछाडी. गावसकर आणि चेतन चौहान १६५ धावांची सलामी देतात. गावसकर ७० वर असताना गोलंदाज लिलीचा चेंडू पॅडवर आदळतो आणि पंच पायचीत देतात. चेंडू आधी बॅटला लागला होता, असं गावसकरांचं म्हणणं. ते निघतात, लिलीचे शब्द कानावर पडतात, आणि कर्णधार मागे फिरून चौहानना सोबत चालायला लावतो. चौहान निमूट निघतात. सीमारेषेपाशी व्यवस्थापक विंग कमांडर दुर्राणी आणि त्यांचे सहायक, आपले बापू नाडकर्णी उभे आहेत. चौहानना तिथून परत पाठवलं जातं. ते रेषेपलीकडे गेले असते तर सामना बहाल करण्याची वेळ आली असती. पुढचं तुम्ही मलाच सांगाल : ऑस्ट्रेलियासमोर १४३ चं आव्हान, कपिल देवचे २८ धावांत ५ बळी, ऑस्ट्रेलिया सर्व बाद ८३, मालिका १-१. (टाळ्या) या टाळ्या विजयाला आहेत. पण तिथे दोघांनी चौहानना परत पाठवलं, म्हणून तो विजय झाला. गावसकरांनी पुढे त्या कृतीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मागच्या रांगांत चुळबुळ दिसते आहे. गावसकरांना कमी लेखायला मी आलेलो नाही. १९९६ पासून भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेच्या करंडकावर त्यांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. मी म्हणतो ते इतकंच, की त्यांच्या मानपत्रात मेलबर्नची ती दुपारही असावी, आणि तो खेदही.

वेळ भराभर चालली आहे; टेबलाकडे वळतो. क्यूच्या खेळात एकाची पाळी चालू असताना दुसरा खुर्चीत बसलेला असतो. समोरचा शंभर गुण करो की हजार, त्याला अडवण्याचा एकही सरळ मार्ग या बसलेल्या माणसाकडे नसतो. वाकडे मार्ग मात्र भरपूर. समोरच्याने क्यू मागे खेचला की नेमका तेव्हाच ग्लास ठेवणं, खडू घासणं, नेमाच्या रेषेत उभं राहणं. उलट खेळणाऱ्याच्या बाहीचा चेंडूला झालेला निसटता स्पर्श कधी कधी फक्त त्यालाच कळतो. पंचाच्या नजरेतून सुटला, तर फाउल त्यानेच कबूल करायचा. म्हणून या खेळात वागणूक खेळाबाहेरची राहत नाही, ती गुणफलकात शिरते. माझा निकष त्यातूनच आला आहे. राग स्वतःवर किंवा प्रेक्षकांवर निघाला, तर तो स्वभावदोष. सन्मान द्या आणि नोंद करा. प्रतिस्पर्ध्याची पाळी मुद्दाम बिघडवली, तर ती खेळातलीच उणीव. कामगिरी तोलताना ती वजा करा. आणि निकालच विकला, तर सन्मान करायला कामगिरीच उरत नाही. २०२३ मध्ये निकाल-निश्चितीच्या प्रकरणात दहा चिनी स्नूकरपटूंवर बंदी आली, दोघांवर आजन्म. तिथे चर्चा संपते.

अमेरिकेचा पूलपटू अर्ल स्ट्रिकलंड पाहा. यू.एस. ओपन नाइन-बॉल पाच वेळा जिंकणारा, जागतिक विजेतेपद तीनदा मिळवणारा, आणि प्रेक्षकांशी, पंचांशी, प्रतिस्पर्ध्यांशी भर सामन्यात हुज्जत घालण्यासाठी तितकाच प्रसिद्ध. २००६ साली अमेरिकेच्या बिलियर्ड काँग्रेसने त्याला आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. योग्यच केलं. त्याला वगळलं असतं तर नाइन-बॉलचा इतिहास खोटा झाला असता. कोणी म्हणेल, मग उर्मटपणाला शिक्षा नाहीच का? आहे, आणि ती त्या त्या वेळी द्यायची असते. १९८६ मध्ये स्नूकरपटू अ‍ॅलेक्स हिगिन्सने स्पर्धेच्या अधिकाऱ्याला डोक्याने टक्कर मारली. त्याला १२,००० पौंड दंड आणि पाच स्पर्धांची बंदी झाली. पण १९७२ आणि १९८२ ची त्याची जगज्जेतेपदं कोणी पुसली नाहीत. दंड शिस्तपालन समितीने करावा. वीस वर्षांनी निवड समितीने तोच दंड पुन्हा वसूल करू नये.

दुसरा आक्षेप जड आहे. अर्जुन पुरस्काराच्या नियमांतच कामगिरीबरोबर खिलाडूवृत्ती आणि शिस्त यांची अपेक्षा आहे, मग मी नियमाविरुद्ध बोलतो आहे का? नाही. तो नियम हवाच. पण आज तो बंद खोलीत वापरला जातो. नाव गळतं, कारण कळत नाही. नाव लागतं, तेव्हा दोषही कळत नाही. मानपत्रात दोन वाक्यं वाढवली तर समितीलाही आपला हिशेब उघड मांडावा लागेल. सत्काराच्या दिवशी माणसाचा अपमान का करायचा, असंही विचारतील. जो दोष सगळ्या गावाला माहीत आहे, तो नीट शब्दांत, त्यानंतरच्या पश्चात्तापासह लिहिला तर अपमान होत नाही. उलट कुजबुज थांबते. आणि मुलांचं काय? पार्लरमधल्या मुलाला निष्कलंक मूर्ती दाखवली, तर पहिल्यांदा चिडून क्यू आपटल्यावर त्याला वाटेल, हा खेळ माझ्यासारख्याचा नाही. पूर्ण मानपत्र वाचलं, तर त्याला कळेल की रागीट माणूसही मोठा खेळाडू होतो, आणि त्या रागाची किंमत काय पडते तेही कळेल.

चिठ्ठी आली आहे, दोनच मिनिटं उरली आहेत. तेव्हा मागणी करून थांबतो. शिवछत्रपती पुरस्कारापासून आपल्या गल्लीतल्या क्लबच्या सत्कारापर्यंत प्रत्येक मानपत्रात तीन गोष्टी असाव्यात : खेळाडूने काय मिळवलं, कुठे चुकला, आणि चुकीनंतर कसा वागला. तिसरी गोष्ट लिहिण्याजोगी असेल, तर दुसरीची लाज कोणालाच वाटणार नाही. सुरुवात मोठ्या समित्या करणार नाहीत. ती छोट्या व्यासपीठांवरून व्हावी लागेल. या उपनगरात पुढचा सत्कार ज्यांच्या हाती असेल, त्यांनी ती करावी. (टाळ्या)