मागे राहिलेल्या फायली



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींना वाटले असेल की, हा तर संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा विषय. त्याला व्याख्यानमालेत जागा कशाला? शंका रास्त आहे. परंतु दुकानात, बँकेत, दवाखान्यात आणि आता प्रत्येकाच्या खिशातसुद्धा हे यंत्र येऊन बसले आहे. त्याच्या बिघाडांतला एक प्रकार असा चमत्कारिक आहे की त्यात कोणाचीच चूक दिसत नाही. नवे असते ते बरोबर असते. जुनेही आपल्या काळी बरोबरच होते. दोन्ही एका घरात नांदू लागली की बिघाड होतो. ह्या प्रकाराबद्दल मला बोलावयाचे आहे.

पडद्यावरच्या एका चित्रावर आपण बोट ठेवतो आणि प्रोग्राम सुरू होतो. त्यामुळे प्रोग्राम ही एकच वस्तू असावी असा आपला समज होतो. वस्तुतः तो फायलींचा मोठा परिवार असतो. शेकडो, कधी हजारो फायलींचा. मुख्य फाइल इतर फायलींना नावाने हाका मारते आणि जी ‘ओ’ देईल तिच्याकडून काम करून घेते. ओ देणारी फाइल यंदाची की तीन वर्षांपूर्वीची, हे ती बहुधा विचारीत नाही. आता नवी आवृत्ती आली म्हणजे काय होते? ज्यांची नावे तीच राहिली त्या जुन्या फायलींवर नव्या फायली लिहिल्या जातात. परंतु नव्या आवृत्तीत जिला नावच उरले नाही अशा फाइलीला बाहेर काढावयाचे कोणी? नव्याची तिच्याशी ओळख नाही आणि जुना तर निघून गेला. मग ती तशीच पडून राहते. आणि एखादे दिवशी कोणी चुकून हाक मारली की इमानाने ‘ओ’ देते.

जमिनीच्या व्यवहारात हे आपणांस परिचित आहे. दहा वर्षांपूर्वीचा सातबाराचा उतारा काही खोटा नसतो. सही खरी, शिक्का खरा. मधल्या काळात फेरफार झाला, एवढेच. पण त्या उताऱ्यावर भिस्त ठेवून ज्याने इसार दिला, त्याचे पैसे मात्र बुडतात.

ह्या दुखण्यावरचे एक प्रसिद्ध औषध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली निघाले. प्रोग्राम लिहिणारा मनुष्य आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मजकूर लिहितो. मग त्या प्रत्येक फाइलीचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होते, आणि अशी रूपांतरे जोडून प्रोग्राम तयार होतो. मजकुरात चूक सापडली, ती सुधारली, पण त्या एका फाइलीचे रूपांतर पुन्हा करावयाचे राहिले, तर जोडणीत जुनेच रूपांतर जाते. स्टीव्ह जॉन्सन हा तेथील नाणावलेला संशोधक. ‘याक’ ह्या साधनाचा कर्ता. एके दिवशी तो आपला सहकारी स्टुअर्ट फेल्डमन ह्याच्या खोलीत तणतणत शिरला. बिनचूक प्रोग्राममधली चूक शोधण्यात त्याची सबंध सकाळ गेली होती! चूक त्याने आधीच सुधारली होती. यंत्र चालवीत होते ते जुने रूपांतर. गंमत अशी की, आदल्या संध्याकाळी फेल्डमनही स्वतःच्या कामात ह्याच अडचणीशी झगडत होता. त्या शनिवार-रविवारी त्याने ‘मेक’ नावाचे साधन लिहून काढले. त्याची युक्ती अगदी साधी आहे. मजकुराची वेळ आणि रूपांतराची वेळ ताडून पाहावयाची. मजकूर नंतरचा असेल तर रूपांतर पुन्हा करावयाचे, नसेल तर हात लावावयाचा नाही. ह्या साधनाबद्दल २००३ साली अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम ह्या संस्थेने फेल्डमनला पुरस्कार दिला. पन्नास वर्षांनंतर आजही ते जगभर वापरात आहे.

परंतु घड्याळावर सोपविलेल्या कामाला घड्याळाची मर्यादा असतेच. मजकुराची जुनी प्रत कपाटातून काढून तिच्या मूळ तारखेनिशी परत जागेवर ठेवली, तर ती तारीख रूपांतराच्या आधीची ठरते, आणि मेक म्हणते, येथे करण्यासारखे काही नाही. म्हणूनच ह्या धंद्यातील लोकांनी ‘मेक क्लीन’ अशी आज्ञा ठेवण्याची रीत पाडली. सगळी रूपांतरे टाकून द्या आणि पहिल्यापासून करा. न उलगडणारी चूक दिसली की जाणता मनुष्य प्रथम ही आज्ञा देतो, मग डोके खाजवतो.

पायथॉन ही भाषा आपल्या महाविद्यालयांतून आता सर्रास शिकविली जाते. तिच्या दुसऱ्या मालिकेत रूपांतराची फाइल मजकुराच्या शेजारीच ठेवली जाई. मजकुराची फाइल नाहीशी केली तरी शेजारची रूपांतराची फाइल हाकेला ओ देत राही. मग लिहिणाराच्या यंत्रावर सारे सुरळीत आणि गिऱ्हाइकाच्या यंत्रावर प्रोग्राम बंद, असा प्रकार होई. कारण गिऱ्हाइकाकडे ते भूत गेलेलेच नसे! २०११ साली आलेल्या ३.२ ह्या आवृत्तीपासून ही रूपांतरे वेगळ्या कप्प्यात जाऊ लागली, आणि मूळ मजकूर नसेल तर त्या कप्प्यातल्या फाइलीला विचारावयाचेच नाही असा नियम झाला. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

ही झाली कारागिरांची डोकेदुखी. एखादी सकाळ वाया जाते, दुपारी माणूस हसतो. आता सांगतो ती हकीगत हसण्यासारखी नाही.

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअरबाजारातली मोठी दलाली पेढी. गिऱ्हाइकांच्या मागण्या बाजारात पोचविण्याचे काम तिचे आठ सर्व्हर, म्हणजे आठ मोठे संगणक, करीत. त्यांत पूर्वी ‘पॉवर पेग’ नावाचे एक काम होते. एका मागणीचे लहान लहान तुकडे बाजारात पाठवीत राहावयाचे, आणि मूळ मागणी पुरी झाली की थांबावयाचे. किती शेअर झाले हे मोजणारा भाग निराळा होता. २००३ साली पेढीने पॉवर पेग वापरणे सोडले. पण काढून टाकले नाही. २००५ साली मोजणीचा तो भाग प्रोग्राममध्ये दुसऱ्या जागी हलविला. पॉवर पेग कोणी वापरीतच नव्हते, तेव्हा ते ह्या बदलानंतर नीट थांबते की नाही हे पाहण्याची गरज कोणास वाटावी? वापरातून गेलेली वस्तू घरातूनही गेली, असे मनुष्य मनाशी धरून चालतो.

सात वर्षे गेली. न्यूयॉर्क शेअरबाजारात १ ऑगस्ट २०१२ पासून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी पेढीने नवा प्रोग्राम लिहिला. तो पॉवर पेगच्या जागी बसावयाचा होता. आणि मागणीसोबत जाणारी जी खूण पूर्वी पॉवर पेगला जागे करी, तीच खूण नव्या कामासाठी घेतली गेली. २७ जुलैपासून नवा प्रोग्राम टप्प्याटप्प्याने सर्व्हरांवर चढविण्यात आला. सातांवर चढला. आठवा राहिला. चढविणाऱ्याचे काम दुसऱ्याने तपासावे असा लेखी दंडक पेढीत नव्हता.

१ ऑगस्टच्या सकाळी आठच्या सुमारास पेढीच्या यंत्रणेने आपल्याच माणसांना टपाल धाडावयास सुरुवात केली. बाजार साडेनऊला उघडण्यापूर्वी अशी ९७ पत्रे गेली, आणि त्यांत पॉवर पेगचे नाव घालून चूक कळविलेली होती. पण ही पत्रे धोक्याची घंटा म्हणून योजलेली नव्हती आणि ती वाचण्याचा परिपाठही नव्हता. बाजार उघडला. सात सर्व्हर नवे काम बिनबोभाट करू लागले. आठव्याने ती ओळखीची खूण पाहिली आणि नऊ वर्षे निजलेले पॉवर पेग उठले. ते तुकडे पाठवू लागले. थांबण्यासाठी लागणारी मोजणी आता तेथे नव्हती. २१२ लहानशा मागण्या होत्या. त्यांच्यापायी सुमारे पाऊण तासात ४० लाख व्यवहार झाले; १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर इकडचे तिकडे झाले.

ह्या पाऊण तासातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेढीतील माणसे स्वस्थ बसली नव्हती. कालपर्यंत ठीक होते, आज नवा प्रोग्राम आला आणि अनर्थ झाला, तेव्हा दोष नव्याचा, असे त्यांनी अनुमान केले. आपण तरी दुसरे काय केले असते? त्यांनी सातही सर्व्हरांवरून नवा प्रोग्राम उतरविला. म्हणजे जे सात बरोबर चालले होते त्यांच्यावरही जुने पॉवर पेग मोकळे झाले, आणि नवी खूण घेऊन येणाऱ्या मागण्या तेथेही त्याच्याच हाती पडू लागल्या. औषधच विष झाले. पेढीचे नुकसान ४६ कोटी डॉलरांवर गेले. बाहेरच्यांकडून ४० कोटी डॉलर घेऊन ती त्या आठवड्यात तगली. पुढच्या वर्षी दुसऱ्या पेढीत विलीन झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने तिला १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. मी सांगितलेला तपशील त्या आयोगाच्या आदेशात नमूद आहे.

तेव्हा दुरुस्तीत पहिला प्रश्न ‘नवे काय आले?’ हा नव्हे. ‘हाकेला ओ कोण देत आहे?’ हा होय. ह्या क्षणी कोणती फाइल, कोणत्या जागेवरून, कोणत्या तारखेची चालते आहे, हे आधी पाहावे. मग काढावे किंवा घालावे.

आता घराकडे वळू. एखाद्या संकेतस्थळाचे रूप बदलले, सर्वांना नवे दिसते आणि आपणांस मोडकेतोडके जुने दिसते, तेव्हा आपल्या ब्राउझरने वेळ वाचविण्यासाठी जपून ठेवलेली जुनी प्रत पुढे केलेली असते. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोलची कळ दाबून एफ ५ दाबले की तो ताजी प्रत मागवितो. अँड्रॉइडच्या मोबाइलमध्ये प्रत्येक ॲपच्या माहितीत दोन निरनिराळी बटणे असतात. एक कॅशे साफ करण्याचे. त्याने तात्पुरत्या प्रती जातात, त्या पुन्हा तयार होतात. दुसरे डेटा साफ करण्याचे. त्याने ॲपमध्ये आपण साठविलेलेही जाते. घाईत दुसरे दाबून हिशेब, टिपणे गमावलेली माणसे प्रत्येक गल्लीत सापडतील. पहिले दाबून पाहिल्याखेरीज दुसऱ्याकडे बोट नेऊ नये.

‘प्रोग्राम काढा आणि पुन्हा टाका’ हा सल्ला तर आपण सर्वांनी ऐकला आहे. पुष्कळदा तो निष्फळ ठरतो आणि लोक म्हणतात, यंत्रच खराब. तसे नसते. विंडोजमध्ये प्रोग्राम एका जागी असतो आणि त्याने आपल्यासाठी ठेवलेल्या नोंदी व आवडीनिवडी ‘ॲपडेटा’ नावाच्या दुसऱ्या, एरवी न दिसणाऱ्या जागी असतात. प्रोग्राम काढला तरी त्या बहुधा राहतात. नवा येतो, जुनी नोंद वाचतो आणि पुन्हा अडखळतो. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, हे मात्र ध्यानात घ्या. आपली कमाई आपल्याला न विचारता पुसावी की नाही, हा त्यामागचा संकोच आहे. डेबियन ह्या प्रणालीत तर ह्यासाठी दोन निरनिराळ्या आज्ञाच आहेत: ‘रिमूव्ह’ म्हटले की प्रोग्राम जातो, त्याच्या मांडणीच्या फायली राहतात, ‘पर्ज’ म्हटले की त्याही जातात.

माझा सल्ला असा की, प्रोग्राम बंद करून त्या नोंदींचा कप्पा पुसू नये. त्याचे नाव बदलावे. नावापुढे ‘जुने’ असा शब्द जोडला की पुरे. प्रोग्राम सुरू करताच तो हाक मारतो, कोणी ओ देत नाही, आणि बहुधा तो नवा कप्पा मांडतो. बिघाड गेला तर चोर सापडला. न गेला तर नाव पूर्ववत करावे, काहीच हरवलेले नाही. सफाईचे प्रोग्राम विकणारे लोक ह्याच्या उलट वागतात. काय कोणाचे हे न जाणता, निरुपयोगी दिसले ते काढीत जातात. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या मुख्य नोंदवहीत, असा झाडू फिरविणाऱ्या साधनांना खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही.

दोन आवृत्त्यांना एकच नाव मिळूच नये, अशीही एक वाट निघाली आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा ह्याने २००६ साली आपल्या प्रबंधात ‘निक्स’ ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक प्रोग्राम तो ज्यापासून बनला त्या सर्वांवरून काढलेल्या लांबलचक खुणेच्या स्वतंत्र कप्प्यात राहतो, आणि हाक नुसत्या नावाने न मारता पूर्ण पत्त्याने मारली जाते. जुन्यावर नवे कधी लिहिले जात नाही. नवे बिनसले तर जुन्या पिढीकडे सरळ परतता येते. अर्थात डिस्क भरत जाते. ती मोकळी करण्याची आज्ञा निक्समध्ये आहे. ती कोणाचाच पत्ता ज्याकडे जात नाही तेवढेच उचलते. पण जुन्या पिढ्यांची नोंद माणसाने स्वतः मिटविल्याखेरीज त्या पिढ्यांना ती हात लावीत नाही.