'तावळा' म्हणणारी मुलगी

(सोलापूर येथे मदतनीसांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या वसतिगृहात आठ वर्षांची एक पारधी मुलगी आहे. कावळ्याला ती 'तावळा' म्हणते, गाईला 'दाय'. तिच्या नावातही 'क' आहे, म्हणून हजेरीला ती नुसता हात वर करायची. शाळेत तिला मंद ठरवले होते. मीही सुरुवातीला 'नीट बोल' म्हणून दटावत असे. त्याने ती आणखीच गप्प झाली.

आपल्या सोलापुरात घरी एक भाषा, गल्लीत कन्नड नाहीतर तेलुगू आणि शाळेत मराठी. कन्नड घरातले मूल 'चाक'मधला च 'चहा'तल्या चसारखा म्हणते. तो दोष नव्हे, ते घरचे वळण आहे. म्हणून आम्ही तिच्या आजीला विचारले, घरच्या बोलीतही ती असेच बोलते का? आजी म्हणाली, "व्हय, पहिल्यापासनं." तेव्हा उलगडा झाला. जीभ जड आहे म्हणून आजीने वेखंडही उगाळून चाटवले होते. जीभ मुळीच जड नव्हती.

तीन वर्षांच्या मुलाचे बोबडे बोल गोडच लागतात. शाळेत जायचे वय झाले तरी 'क' येत नसेल, तर आधी कान तपासावेत. कान वाहत असला तर मुलाला नीट ऐकूच येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते.

हिचे कान चांगले निघाले. मग स्पीच थेरपिस्ट बाईंनी 'कार' आणि 'तार' अशी दोन चित्रे ठेवून आधी फक्त ऐकायला आणि बोट दाखवायला लावले. नंतर चमच्याच्या दांड्याने जिभेचे टोक हलकेच खाली धरले. टोक खाली असले की 'त' म्हणताच येत नाही, जिभेची मागची बाजू आपोआप वर जाते. आधी नुसता 'क', मग का-की-कू, मग शब्द, मग वाक्य. रोज दहा मिनिटे, खेळ म्हणून.

चार महिने झाले. घाईत अजून 'तावळा' येतो, सुटीत घरी गेली की गाडी मागे येते. पण गेल्या महिन्यात हजेरीला तिने स्वतःचे नाव सांगितले.

बाई पंधरा दिवसांतून एकदाच येतात. मधल्या दिवसांत संध्याकाळी दहा मिनिटे बसायला माणसे हवीत. चित्रे तयार आहेत. एकच विनंती, ती चुकली तर थांबवू नका. तोच शब्द तुम्ही नीट म्हणा आणि गप्पा पुढे चालू ठेवा.